समोर मासे उठतात, पण फ्लायला एकही लागत नाही

पत्र असं आहे:

‘ताई, मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालो. नाशिकला गंगापूर रोडला राहतो. लहानपणी आजोळी, दारणेच्या काठावर, बांबूच्या काठीला तंगूस बांधून गळ टाकायचो. मुलानं दिवाळीला परदेशातून येताना फ्लाय फिशिंगची काठी, रीळ आणि फ्लायची (गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या खोट्या किड्यांची) डबी आणली. सोबतच्या पुस्तिकेत मार्च-एप्रिल हा सर्वांत चांगला काळ असं लिहिलंय. म्हणून महाशिवरात्रीनंतरचे चार रविवार गंगापूर धरणाच्या फुगवट्याला गेलो. साडेनऊपर्यंत पोहोचतो, बारापर्यंत थांबतो. समोर मोठाले मासे पाण्यावर तोंड काढतात, पण फ्लायकडं ढुंकूनही बघत नाहीत. एकही लागला नाही. तराफ्यावरची पोरं हसतात. घरचे म्हणतात, ती काठी माळ्यावर टाका. आपल्या पाण्यात हे होतच नाही का? काश्मीर-हिमाचललाच जावं लागेल का?’

काका (तुम्ही ताई म्हणालात, म्हणून मी काका म्हणते), काठी माळ्यावर टाकू नका. आधी ते तोंड काढणारे मासे कोण ते सांगते, कारण तुमचे चारही रविवार त्यांनीच खाल्लेत.

ते बहुतेक कटले आहेत. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं आणि खालचा ओठ पुढं आलेला. पाण्याच्या वरच्या थरात डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात. ते तो पाण्यासकट आत घेतो आणि कल्ल्यांमधल्या चाळणीत गाळून खातो. त्याचं तोंड वर दिसतं तेव्हा तो काही टिपत नसतो. तुमची फ्लाय त्याच्या नाकावर पडली तरी त्याला तिचं काय करायचं ते कळत नाही. ‘मासा उठला की तिथं फ्लाय टाका’ हा तुमच्या पुस्तिकेतला नियम ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचा आहे. ट्राउट पाण्यावर बसलेला किडा बघून उचलतो. कटल्यापुढं हा नियम लावला की तास न् तास काठी हलवत राहायचं आणि हिरमुसून घरी यायचं. माझाही पहिला उन्हाळा असाच गेला.

मार्च-एप्रिलचंही तसंच. थंड देशांत त्या महिन्यांत बर्फ वितळायला लागतं, नद्यांचं पाणी वाढतं, थंडीनं सुस्तावलेले मासे हलायला लागतात आणि पाण्यातले किडे पंख फुटून बाहेर पडतात. तिथला वसंत चढत्या पाण्याचा. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि तेव्हा आपलं पाणी उतरतं. पावसाळ्याअखेर भरलेली धरणं होळीपर्यंत बरीच खाली आलेली असतात. काल ज्या दगडावर तुम्ही उभे होता तो पुढच्या आठवड्यात पाण्यापासून दहा पावलं लांब असतो. मोकळ्या झालेल्या गाळात लोक गाळपेर करतात. मासे त्या पाण्याबरोबर सरकतात. म्हणून ‘मागच्या रविवारी इथंच दिसले होते’ याचा आपल्याकडं मार्चमध्ये फारसा उपयोग नाही.

नदीवर तर सगळा खेळ आवर्तनाचा आहे. तुमच्या आजोळच्या दारणेचंच बघा. दारणा धरण १९१६ सालचं. उन्हाळ्यात त्याचं आवर्तन सुटलं की पाणी नदीच्याच पात्रातून खाली जातं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडं. म्हणजे एप्रिलमध्ये दारणा वाहताना दिसते ती पुढच्या शेतकऱ्यांसाठी सोडलेल्या पाण्यानं. आवर्तन सुटल्यावर पहिले दोन दिवस पाणी गढूळ आणि ओढीचं असतं, तेव्हा जाऊ नका. ओढ स्थिर झाली आणि पाणी निवळलं की खडकाळ धारांमध्ये बारीक मासे खायला येतात, त्यांच्यामागं मोठे. आवर्तन बंद झालं की पाणी डोहांत तुटतं आणि मासे तिथं कोंडले जातात. अशा डोहात गळ टाकणं मला पटत नाही. त्यांना पळायला जागाच नसते. आवर्तनाच्या तारखा स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, त्या त्याला तोंडपाठ असतात.

आता तुमच्या वेळेबद्दल. साडेनऊला पोहोचता म्हणजे जेवणाची पंगत उठल्यावर पोहोचता. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू लागतो मात्र जास्त. म्हणून तो ऊन चढायच्या आत खाऊन घेतो आणि खोल पाण्यात जाऊन बसतो. होळी ते पाडवा नाशिकला पहाटे अजून गारवा असतो. काठावर स्वेटर लागतो, तो खरा तुमचा काळ. फटफटताना पाण्यावर असा, नऊला गुंडाळा. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा तास-दीड तास मिळतो, पण फुगवट्यावर तेव्हा बहुतेक वारा असतो.

वाऱ्याचं एक सांगते, ते पुस्तिकेत सापडणार नाही. मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि गंगापूरच्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात. नवखा माणूस वाऱ्याला पाठ देऊन उभा राहतो, कारण तसं उभं राहिलं की दोरी लांब जाते. पण वारा पाण्यावरचं सगळं खाणं ज्या काठाला नेऊन लोटतो, मासे त्या काठाला असतात. म्हणजे वारा तोंडावर घेणाऱ्या काठाला. तिथं लांब टाकायची गरजही नसते. काठी आडवी धरून, खालून, पाच-सात मीटर टाकलं तरी पुरतं.

मग धरायचं काय? सुरुवात चिलापीपासून करा. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला आणि आज तो बहुतेक धरणांत ठाण मांडून आहे. देशी माशांची जागा त्यानं बळकावली, त्यामुळं तो घरी नेऊन खाल्ला तर मला काही वाईट वाटणार नाही. आणि तो फ्लाय घेतो.

मागच्या मार्चमध्ये मी गंगावऱ्हे गावाच्या बाजूला, धरणाच्या एका उथळ खाडीशी बसले होते. सूर्य डोंगरामागून नुकता वर येत होता. गुडघाभर पाण्याखाली, गाळात, ताटाएवढे गोल खड्डे दिसत होते, एकाला लागून एक, जशी पंगत मांडावी. ते चिलापीच्या नरांनी शेपटीनं आणि तोंडानं उकरलेले. प्रत्येक खड्ड्यावर एक काळसर नर, शेजाऱ्याला हुसकावत. मी मागं बसले, उभी राहिले नाही, कारण सूर्य पाठीशी होता आणि माझी सावली पाण्यावर पडली असती. फ्लाय खड्ड्याच्या पलीकडं टाकली, बुडू दिली, मग दोरी दोन बोटांनी टिचभर टिचभर ओढत आणली. खड्ड्याच्या कडेला आल्यावर नर तिच्यावर गेला. काका, लहानपणी बांबूच्या काठीवर हिसका बसायचा ना, तसा हिसका इथं बसत नाही. दोरीचं पाण्यात शिरणारं टोक नुसतं थबकतं, एखादं पान अडकावं तसं. त्या क्षणी काठी वर न उचलता डाव्या हातानं दोरी खेचायची. उचललीत की सुटला. हे ओळखायला मला दोन महिने लागले, तुम्हाला कमी लागतील.

पण खड्डे रिकामे करत सुटू नका. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. फुगलेल्या तोंडाची मादी सहसा काही खात नाही, पण चुकून लागलीच तर लगेच सोडा. परदेशी असली तरी तिच्या तोंडात पिल्लं आहेत, माझ्यानं ती पिशवीत टाकवत नाही. मरळीच्या बाबतीत मात्र हे सक्तीनं पाळा, कारण मरळ आपली आहे. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका उकळी फुटल्यासारखा वरखाली होताना दिसला की खाली नर-मादी राखण करत असतात. त्या घोळक्यावर काहीही पडलं तरी ती चिडून धावून येतात, धरायला अगदी सोपी. आईबाप गेले की पिल्लं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात. तिथून चालू लागा.

तुमच्या डबीतल्या फ्लाय बहुधा फार बारीक असतील, १८-२० नंबरच्या, ट्राउटसाठी बांधलेल्या. ५ नंबरची काठी असेल तर ती चिलापीला अगदी योग्य आहे, पण गळ १० ते १२ नंबरचा हवा (नंबर जितका मोठा, तितका गळ बारीक). विकत घेण्यापेक्षा बांधा, निवृत्तीत संध्याकाळी हाताला चांगलं काम मिळेल. मी येवल्याहून आणलेला रेशमी धागा वापरते, पैठणीच्या मागावरून उरलेली तुकड्या-तुकड्यांची लड. गळ छोट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळायचा, उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाकायचा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. वळणाच्या थोडं अलीकडून धागा पुढं आणत डोळ्यापर्यंत गुंडाळायचा. मागं गावठी कोंबड्याच्या मानेचं चार-पाच तुसांचं शेपूट. अंगाला ताग किंवा जुन्या स्वेटरची लोकर बोटांत पिळून, धाग्यावर चढवून, मधे जाड नि टोकांना बारीक. त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे पाच वेढे. पंख्याच्या जळालेल्या मोटरमधली तार वाइंडिंगवाल्याकडं हवी तेवढी मिळते. ती फ्लायला बुडायला वजन देते. डोक्याशी धाग्याची गाठ आणि नेलपॉलिशचा एक थेंब. दिसायला ती कशासारखीच दिसत नाही. पाण्यात भिजली की चतुराच्या पाण्यातल्या पिल्लासारखी दिसते, आणि आपल्या धरणांत ती वर्षभर असतात.

टाकण्याचा सराव पाण्यावर करू नका. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आधी जा, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा आणि हिरवळीवर ठेवलेल्या थाळीत तो पाडायचा प्रयत्न करा. लांब जाण्याइतकं वजन फ्लायला नसतं, ते दोरीला असतं. म्हणून मागं टाकल्यावर दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढं. बांबूच्या काठीची सवय असलेल्या सगळ्यांचा हात इथंच घाई करतो. आठवडाभर रोज वीस मिनिटं पुरेत.

त्यानंतर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचं शेततळं शोधा. निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवडकडं शेततळी भरपूर, आणि कित्येकांत रोहू, कटला, गवत्या, चिलापी सोडलेले असतात. वारा कमी, झाडं नाहीत, मासा नक्की आहे हे माहीत, शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. गवत्याला हिरव्या लोकरीची, पाण्यावर तरंगणारी फ्लाय द्या, गवताच्या तुकड्यासारखी. मात्र दोन गोष्टी. शेततळ्याच्या उताराचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की साबणासारखा होतो. पट्टीचे पोहणारेही त्यावरून वर येऊ शकत नाहीत आणि दर उन्हाळ्यात त्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. कुंपणाबाहेरून किंवा सपाट बांधावरून टाका, काठाला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधलेली असल्याशिवाय उभेच राहू नका, आणि एकटे जाऊ नका. दुसरं, गळ कागदात रुतला तर ओढू नका. भोक पडलं तर त्या माणसाचं उन्हाळ्याचं पाणी जातं. तुटली फ्लाय तर तुटू द्या.

धरणावरही तीच काळजी. उतरलेल्या काठाचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, खाली मांडीभर चिखल असतो. हातात एक साधी जाड काठी घ्या, आधी ती रोवून बघा, मग पाऊल. नदीत दगडावर उभे असाल आणि घोट्याला पाणी मघापेक्षा वर वाटलं, तर गुंडाळून आधी बाहेर या, कारण नंतर शोधा.

तराफ्यावरची पोरं हसतात म्हणालात. त्यांच्याशी बोलायला जा, काका. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असते. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायचा खर्च त्या संस्था करतात, म्हणजे ते मासे एका अर्थानं त्यांचे आहेत. आधी संस्थेत जाऊन परवानगी घ्या, जे काही पैसे सांगतील ते द्या, नेलेला मासा दाखवून न्या. पाण्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग दिसली की खाली जाळं आहे, तिच्यावरून दोरी टाकू नका. आणि चहाचा थर्मास जरा मोठा न्या. ‘पाणी किती उतरलं, जाळं कुठं लागतंय’ एवढं विचारलंत की जे कळेल ते मला दहा वर्षांत कळलेलं नाही. मला पाण्याखालचा जुना रस्ता आणि बुडालेल्या विहिरीची जागा एका भोईकाकांनीच दाखवली. मोठे मासे तिच्याभोवती असतात.

कुठं जायचं नाही तेही लिहिते. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथं दुर्बीण न्या, काठी नको. धरणाची भिंत, दरवाजे, पिण्याच्या पाण्याचे पंप यांच्या आसपास नाही. रामकुंडाच्या घाटांवर तर नाहीच. शहराच्या खाली गोदावरीत सांडपाणी आणि पाणवेली, तिथला मासा मी खात नाही, म्हणून धरतही नाही. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर द्राक्षबागांमधल्या फवारण्यांचं पाणी ओढ्यांतून नदीत उतरतं, तेव्हा चार दिवस घरीच थांबा.

खडशीबद्दल लिहिताना मला जड जातं. तिलाच इतर लोक महाशीर म्हणतात. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या नदीतला मासा बघून १८३९ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं, त्यातलं ‘खुद्री’ आपल्या मराठी नावावरूनच आलं. ती आता आपल्या नद्यांत थोडी उरली आहे. काठावर उंबर असेल आणि त्याची फळं पाण्यात पडत असतील तर खडशी खाली वाट बघते, तपकिरी लोकरीची गोळी गळावर बांधून टाकली तरी घेते. सात वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी, साडेअकराच्या उन्हात, मी अशीच एक धरली. हातभर लांब, सोन्याच्या खवल्यांची. तिला दमवण्यात वीस मिनिटं घालवली, मग फोटोसाठी तापलेल्या दगडावर ठेवली. पाण्यात सोडली तेव्हा ती एका कुशीवर कलली. अर्धा तास तिला दोन्ही हातांनी ओढीच्या दिशेनं तोंड करून धरून बसले होते. कल्ले हलत होते, मग थांबले. पाणी गरम होतं हे माझ्या पायांना कळत होतं, तरी मी थांबले नव्हते.

तेव्हापासून माझ्या पिशवीत दोरी बांधलेला थर्मामीटर असतो. पाणी २७ अंशांच्या वर गेलं की नदीवर मी काठी उघडत नाही, मग सात वाजलेले असोत. अर्ध्या एप्रिलनंतर नदी पूर्ण सोडते. ही कुठल्या खात्याची अट नाही, माझी आहे, तुम्हीही पाळावी असं मला मनापासून वाटतं. चुकून खडशी लागलीच तर हात ओले करा, तिला पाण्यातून बाहेर काढू नका, गळ तिथंच सोडवा. पावसाळ्याच्या तोंडावर मासे गाबोळीनं भरलेले असतात आणि पहिल्या पुराला चढणीला लागतात, तेव्हाही त्यांना जाऊ द्या.

काश्मीर-हिमाचलला मुलाबरोबर जरूर जा, ट्राउट बघण्यासारखा मासा आहे. डबीतल्या बारीक फ्लाय त्या सहलीसाठी जपून ठेवा. पण त्याआधी पुढच्या रविवारी पाच वाजता घर सोडा, साडेनऊला परत येऊन घरच्यांबरोबर नाश्ता करा. माळ्याचा विषय निघणार नाही.

आणि येवल्याला गेलात तर धागा गडद विटकरी घ्या, चमकदार पिवळा नको. रेशीम भिजलं की रंग दोन छटा काळा पडतो, आणि गंगापूरच्या मार्चमधल्या पाण्यात चिलापीला तोच रंग दिसतो असा माझा अनुभव आहे.